४०५ वरून जाताना ब्लिंपचा तळ कसा ओळखायचा

पहिली अट: जो गाडी चालवतोय त्याने बघायचं नाही. चालवणारा वेगळा, बघणारा वेगळा. ४०५ वर, म्हणजे लॉस एंजेलिसमधून जाणाऱ्या या फ्रीवेवर, पुढची गाडी कधी ब्रेक मारेल याचा नेम नसतो. त्यात रस्त्याच्या कडेला ब्लिंप, म्हणजे हेलियम भरलेलं ७५ मीटर लांबीचं हवाई जहाज, असं फुगलेलं धूड दिसलं की सगळ्यांच्याच माना तिकडे वळतात. शेजारच्या लेनमधल्या ट्रकवाल्याचीही वळलेली असते, हे डोक्यात ठेवा.

मी राहते लाँग बीचला आणि नोकरी एल सेगुंडोला. म्हणजे सकाळी ४०५ नॉर्थ, संध्याकाळी ४०५ साउथ, आणि ब्लिंपचा तळ जिथे आहे ते कार्सन गाव दोन्ही वेळेला वाटेत. घरी येणारा पाहुणाही लॉस एंजेलिस एअरपोर्टवरून याच रस्त्याने येतो. त्यामुळे "मॅचमध्ये वरून दिसतो तो गुडइयरचा ब्लिंप राहतो कुठे गं?" या प्रश्नाचं खातं आमच्या घरात माझ्याकडे आहे. (गुडइयर म्हणजे टायरची कंपनी.) पाहुण्यांना दाखवता दाखवता जे कळत गेलं ते इथे लिहितेय. तुम्ही लॉस एंजेलिसच्या आसपास राहत असाल किंवा मुलांकडे येणार असाल तर उपयोगी पडेल.

बहुतेक जण ब्लिंप शोधत बसतात आणि त्यामुळेच त्यांना काही सापडत नाही. ब्लिंप कामावर गेलेला असू शकतो, हँगरमध्ये असू शकतो, दुसऱ्या राज्यात दौऱ्यावर असू शकतो. मैदान मात्र कुठे जात नाही. तेव्हा आधी मैदान ओळखायला शिका. एकदा ते नजरेत बसलं की त्यात ब्लिंप आहे की नाही हे आपोआपच दिसतं.

मैदान ओळखणं सोपं का, तर कार्सनचा हा भाग म्हणजे गोदामं, कंटेनर, ट्रकचे अड्डे आणि फ्रीवेचे फाटे. लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या दोन्ही बंदरांचा माल इथूनच वर सरकतो. जमिनीचा तुकडा रिकामा म्हणून कोणी सोडत नाही. अशा ठिकाणी एकाएकी सपाट, झाडं-इमारती नसलेलं, कुंपण घातलेलं मोठं गवताळ मैदान लागलं, तर त्यामागे काहीतरी कारण असणारच. हा तळ १९६८ पासून इथे आहे.

जागा नेमकी सांगायची तर ४०५, म्हणजे सॅन डिएगो फ्रीवे, आणि ११०, म्हणजे हार्बर फ्रीवे, जिथे एकमेकांना छेदतात तिथून थोडं पूर्वेला, ४०५ च्या उत्तरेकडच्या अंगाला. पत्ता साउथ मेन स्ट्रीटचा. ४०५ इथे सरळ उत्तर-दक्षिण जात नाही, वायव्येकडून आग्नेयेकडे तिरकी जाते. हा तिरकेपणा लक्षात असू द्या, पुढे वाऱ्याचा हिशोब करताना लागेल.

लाँग बीचकडून उत्तरेला जाताना

ही सोपी बाजू. नवख्याने इथूनच सुरुवात करावी, कारण तळ तुमच्या उजव्या हाताला येतो आणि मध्ये समोरून येणाऱ्या गाड्या नसतात.

रिफायनरीचा पसारा मागे पडला की विल्मिंग्टन अव्हेन्यू, मग कार्सन स्ट्रीट, मग अव्हॅलॉन बुलेव्हार्ड अशा पाट्या लागतात. अव्हॅलॉनची पाटी डोक्यावरून गेली की बघणाऱ्याने फोन खाली ठेवायचा आणि उजवीकडे नजर लावायची. आधी दिसतो तो पोर्शेचा ट्रॅक. २०१६ मध्ये उघडलेल्या त्यांच्या केंद्राचा हा वळणावळणाचा रस्ता फ्रीवेला अगदी लागून आहे, आणि त्यावर कायम एखाददुसरी गाडी भिरभिरत असते. पाहुण्यांचा घोटाळा नेमका इथे होतो. ते ट्रॅककडे बघत राहतात, "ती लाल बघ" वगैरे चालतं, आणि तेवढ्यात तळ मागे पडतो. ट्रॅकला खूण समजा, मुक्काम समजू नका. ट्रॅक आला म्हणजे मेन स्ट्रीट आली, आणि मेन स्ट्रीट आली म्हणजे मैदान आलंच.

डोक्यावर ११० च्या पाट्या आणि सॅन पेड्रोचं नाव दिसून फाटे फुटायला लागले, तर समजा तळ मागे गेला. मागे वळून बघण्यात अर्थ नाही. संध्याकाळी परत येताना बघा.

लेन कुठली धरायची? कारपूल लेन (एकापेक्षा जास्त माणसं असलेल्या गाड्यांची) सगळ्यात डावीकडे असते आणि तिथून उजवीकडे बघायचं म्हणजे मधल्या चार-पाच लेनमधल्या ट्रकच्या भिंतीपलीकडे बघायचं. काही दिसत नाही. अगदी उजवी लेनही नको. तिथे ११० कडे वळणारे आणि नुकते फ्रीवेवर चढलेले यांची झिम्मड असते, आणि चालवणाऱ्याचं लक्ष आधीच दहा ठिकाणी असतं. उजवीकडून दुसरी लेन बरी. वाहतूक मोकळी असेल तर बघायला मोजके सेकंद मिळतात. तुंबलेली असेल तर हवा तेवढा वेळ. सकाळी आठच्या ट्रॅफिकचा एवढाच काय तो फायदा.

एअरपोर्टकडून दक्षिणेला येताना

हॉथॉर्न, टॉरन्स, मग वेस्टर्न, नॉर्मंडी, व्हर्मांट या रस्त्यांच्या पाट्या. त्यानंतर ११० चा मोठा इंटरचेंज. तो ओलांडताच डावीकडे पुढे बघायचं. मध्ये दुभाजक आणि उत्तरेला जाणाऱ्या साऱ्या गाड्या येतात, त्यामुळे छोट्या गाडीतून मैदान असं दिसतच नाही. एसयूव्हीतून थोडं दिसतं. पण ब्लिंप जागेवर असला तर सुटत नाही. त्याची उंची १७ मीटरच्या वर आहे, तो सगळ्यांच्या डोक्यावरून दिसतो. म्हणून माझा नियम असा: मैदान शिकायचं उत्तरेला जाताना, ब्लिंप बघायचा दक्षिणेला येताना.

वारा बघा

मला या सगळ्यात सर्वात जास्त मजा याच भागाची वाटते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

ब्लिंप जमिनीवर असतो तेव्हा फक्त नाकाने बांधलेला असतो. एका मजबूत ट्रकवर मास्ट, म्हणजे उंच खांब, बसवलेला असतो, त्याच्या टोकाला ब्लिंपच्या नाकाचं टोक अडकवतात, बास. शेपटी पूर्ण मोकळी. वारा वळला की अख्खं जहाज मास्टभोवती वळतं आणि नाक वाऱ्यासमोर आणून थांबतं. एवढ्या मोठ्या अंगाला आडवा वारा लागला तर किती जोर बसेल याचा विचार करा, म्हणजे शेपटी का बांधत नाहीत ते कळेल. म्हणूनच मास्टच्या चहूबाजूंनी जहाजाच्या लांबीपेक्षा जास्त जागा मोकळी ठेवावी लागते, आणि म्हणूनच एवढं मोठं मैदान लागतं.

आता हिशोब करा. इथे दुपारनंतर समुद्रावरून वारा येतो, साधारण पश्चिमेकडून. म्हणजे दुपारी-संध्याकाळी ब्लिंपचं नाक पश्चिमेला, ११० च्या बाजूला असतं. तुम्ही एअरपोर्टकडून येत असाल तर पश्चिमेकडून येता, म्हणजे आधी नाक दिसतं, गोल आणि थोराड, निळा-पिवळा रंग आणि मग कंपनीचं नाव. लाँग बीचकडून जात असाल तर आधी शेपटी आणि डावी बाजू. पहाटे वारा पडलेला असतो किंवा जमिनीकडून हलकासा येत असतो, तेव्हा नाक कुठेही असू शकतं. आणि हिवाळ्याच्या सुमाराला सँटा ॲनाचे कोरडे वारे सुटले की ते ईशान्येकडून येतात. त्या दिवशी चित्र उलटं. नाक फ्रीवेकडे पाठ करून उभं, शेपटी तुमच्याकडे.

माझ्या सासऱ्यांना हे फार आवडलं होतं. ते महिनाभर आमच्याकडे होते तेव्हा मला घ्यायला नवऱ्याबरोबर ऑफिसपर्यंत यायचे, आणि परतताना ब्लिंपचं नाक बघून "आज वारा फिरलाय" असं जाहीर करायचे. एकदा विचारलं, "अगं, पण हा रात्रीही असाच बाहेर उभा असतो?"

"हो बाबा, बऱ्याचदा असतो. पण त्याच्यापाशी रात्रभर माणूस असतो. वारा, गॅसचा दाब, सगळं बघत."

"मग सरळ राखणदार आहे म्हण ना."

खरंच आहे ते. मास्टवर उभं असलेलं असं जहाज कधी एकटं सोडत नाहीत. ऊन चढलं की आतला हेलियम प्रसरण पावतो, रात्री आकसतो. दाब सांभाळावा लागतो. वादळ आलं तर कोणीतरी तिथे असावंच लागतं. इथे पूर्वी हँगर नव्हता, जहाज वर्षभर उघड्यावरच. आता हवेच्या दाबावर उभा राहणारा एक मोठा फुगीर हँगर आहे. लांबून तोच ब्लिंप वाटण्याची शक्यता असते. ओळखायची युक्ती साधी: हँगर जमिनीला टेकलेला असतो, ब्लिंपच्या पोटाखालून पलीकडचं दिसतं.

बाबांचा दुसरा प्रश्न पेट घेण्याबद्दल होता, आणि तो प्रत्येक पाहुणा विचारतो. १९३७ साली लेकहर्स्टला जळालेल्या हिंडेनबर्गमध्ये हायड्रोजन होता. यात हेलियम आहे, तो पेटत नाही. गुडइयरने १९२५ मध्ये उडवलेल्या पिल्ग्रिमपासून हेलियमच वापरलाय.

कुठला ब्लिंप बघताय तेही कळू द्या

जुने फोटो आणि आत्ताचं जहाज यात फरक आहे, आणि तो तीन ठिकाणी दिसतो. शेपटीचे पंख मोजा. जुन्याला चार, अधिकच्या चिन्हासारखे. आत्ताच्याला तीन, एक सरळ वर आणि दोन खाली तिरके. मग इंजिनं बघा. जुन्याची दोन इंजिनं खालच्या केबिनला चिकटलेली. आत्ताच्याला तीन आहेत, दोन फुग्याच्या अंगावर वरती दोन्ही बाजूंना आणि एक पार शेपटीच्या टोकाला. तिसरा फरक लांबीचा, जुनं ५८ मीटरच्या आसपास, आत्ताचं ७५. पण लांबी नजरेने मोजता येत नाही, तेव्हा पंखांवर भिस्त ठेवा.

हे आत्ताचं जहाज म्हणजे जर्मनीतल्या फ्रीडरिशहाफेनच्या कंपनीचं झेपेलिन एनटी. त्याच्या आत कार्बन फायबर आणि ॲल्युमिनियमचा सांगाडा आहे, म्हणून इंजिनं फुग्याच्या अंगावर बसवता आली. जुन्यात सांगाडाच नव्हता, गॅस काढला की चोथा. वर बसवलेली इंजिनं केबिनपासून लांब गेली, त्यामुळे आतला आवाज कमी झाला. शिवाय त्यांचे पंखे फिरवता येतात, त्यामुळे जहाज जवळजवळ सरळ वर उठतं आणि सरळ खाली येतं. जुनं मात्र नाक वर करून तिरकं चढायचं आणि उतरताना मैदानात डझनाहून जास्त माणसं दोऱ्या पकडायला धावायची. पहिलं नवं जहाज, विंगफूट वन, २०१४ मध्ये उडालं. जुन्या पद्धतीचं शेवटचं, स्पिरिट ऑफ इनोव्हेशन, २०१७ च्या मार्चमध्ये इथेच कार्सनला निवृत्त झालं. त्यामुळे त्यानंतर काढलेल्या फोटोत चार पंख दिसत असतील तर तो फोटो गुडइयरचा नाही किंवा तारीख खोटी आहे.

जहाजाच्या अंगावर नाव आणि नोंदणी क्रमांक असतो: एन१ए, एन२ए किंवा एन३ए, म्हणजे विंगफूट वन, टू, थ्री. दुर्बीण असेल तर वाचता येतं. तीन जहाजं, तीन तळ: हा कार्सनचा, दुसरा फ्लोरिडात पॉम्पानो बीचला, तिसरा ओहायोत ॲक्रनजवळ विंगफूट लेकला, जो १९१७ पासून आहे. एके काळी टेक्ससमध्ये ह्यूस्टनच्या वर स्प्रिंग गावीही तळ होता, तोही आय-४५ फ्रीवेच्या कडेला. १९९२ मध्ये बंद झाला. फ्रीवेच्या कडेची जागा घेण्यात कंपनीचा हिशोब उघड आहे. जहाज जमिनीवर निवांत उभं असतानाही त्याच्यावरचं नाव रोज लाखो लोक फुकटात वाचतात. ट्रॅफिकमध्ये अडकलेले तर दोनदा वाचतात.

घरी आहे की बाहेर, हे आधी कसं कळेल

सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे फोनवरच्या फ्लाइट ट्रॅकरमध्ये तो नोंदणी क्रमांक टाकायचा. हवेत असेल तर नकाशावर दिसतो. दिसला नाही तर जमिनीवर आहे एवढंच कळतं, कुठल्या जमिनीवर ते नाही. पण शेवटचं उड्डाण कार्सनला संपलेलं दिसलं तर बहुतेक तिथेच आहे.

दुसरा मार्ग कॅलेंडर. १ जानेवारीला पासाडेनाला रोझ परेड आणि रोझ बोलचा फुटबॉल सामना (१ तारीख रविवारी आली तर परेड २ ला), एप्रिलमध्ये आमच्या लाँग बीचची ग्रां प्री, इंगलवूडच्या सोफाय स्टेडियममधले मोठे सामने, अशा दिवशी त्याला काम असण्याची शक्यता जास्त. याचा वेग ताशी ७३ मैलांपर्यंत जातो, पण एरवी तो रमतगमत जातो, तीस-चाळीसने. म्हणजे इंगलवूड पंधरा-वीस मिनिटं, पासाडेना अर्धा-पाऊण तास. टीव्हीवर मॅच संपली की तेवढा वेळ धरून मेन स्ट्रीटवर जाऊन उभे राहा, उतरताना दिसू शकतो. ही युक्ती मला आमच्या शेजारच्या शाळकरी पोराने शिकवली आणि चांगली चालते.

तिसरा, हवामान. मे-जूनमध्ये इथे सकाळी समुद्रावरचे ढग खाली उतरून बसतात, दुपारपर्यंत ऊन नाही. ब्लिंपचा पायलट नजरेने उडतो आणि उंचीही हजार-दीड हजार फुटांचीच, त्यामुळे अशा सकाळी तो जमिनीवर असण्याची शक्यता चांगली. बाकी सगळ्या जगाला वैताग आणणारा हा काळ ब्लिंप बघायला बरा.

आणि मैदानातच बघून अंदाज घ्यायचा असेल तर ट्रक-बस बघा. जहाज लांबच्या दौऱ्यावर निघालं की मास्टचा ट्रक, बस, व्हॅन, अख्खं बिऱ्हाड रस्त्याने त्याच्या मागे जातं. वाहनं जागेवर आहेत आणि ब्लिंप नाही, तर तो बहुधा दिवसाच्या कामावर गेलाय, संध्याकाळी येईल. मैदान उजाड दिसतंय, तर मोठ्या दौऱ्यावर.

फ्रीवे सोडून जवळून बघायचं तर

फ्रीवेच्या शोल्डरवर, म्हणजे कडेच्या पट्टीवर, गाडी थांबवायची नाही. ती जागा बंद पडलेल्या गाड्यांसाठी आहे, आणि ट्रक तुमच्यापासून हातभर अंतरावरून जातात. चालवता चालवता फोन हातात धरून फोटो काढणं तर कॅलिफोर्नियात कायद्यानेच बंद आहे. खाली उतरा. अव्हॅलॉन बुलेव्हार्डच्या एक्झिटने बाहेर पडा, डेल अमो बुलेव्हार्डने पश्चिमेला मेन स्ट्रीटपर्यंत या, मग मेन स्ट्रीटने उत्तरेला. फ्रीवे ओलांडला की पोहोचलात. पार्किंगच्या पाट्या नीट वाचून गाडी लावा आणि फुटपाथवर उभे राहा.

आत जायचं नाही, तो खासगी तळ आहे. पण कुंपणाची जाळी असल्यामुळे बाहेरून भरपूर दिसतं. फोटो काढताना फोनची लेन्स जाळीच्या भोकाला टेकवा, म्हणजे तारा मध्ये येत नाहीत. ऊन दुपारनंतर नैऋत्येकडून येतं, त्यामुळे तुम्ही जहाजाच्या दक्षिणेच्या किंवा पश्चिमेच्या अंगाला असाल तर ऊन पाठीशी राहतं आणि निळा रंग खरा निळा येतो. सकाळी फ्रीवेकडून काढलेल्या फोटोत जहाज काळं येतं, ऊन त्याच्या मागे असतं.

उतरणं बघायला मिळालं तर दुसरं काही बघू नका. जहाज नेहमी वाऱ्याला तोंड देऊन येतं, म्हणजे संध्याकाळी पूर्वेकडून, डोमिंगेझ हिल्सच्या बाजूने. आधी वाटतं जागचं हलत नाही. मग एकदम मोठं होतं. फुग्यावरची इंजिनं कलतात, आवाजाचा पोत बदलतो, आणि केबिनखालचं चाक गवताला लागतं. नाकाखाली दोरी लोंबत असते. ती पकडली जाते, मास्टचा ट्रक हळूहळू पुढे सरकतो, आणि दोरी मास्टमध्ये ओढत ओढत नाक टोकापर्यंत आणतात. शेवटचा हातभर ओढायला सगळ्यात जास्त वेळ जातो. नाक बसलं की खालच्या माणसांच्या हालचालीतली घाई संपते, ते लगेच कळतं.

पाहुणे घेऊन उडायचा दिवस असेल तर आणखी एक गंमत दिसते. केबिनमध्ये बारा प्रवासी बसतात, पण उतरताना सगळे एकदम उतरत नाहीत. दोघं उतरले की नवे दोघं चढतात, मग पुढचे दोघं. सगळे एकदम उतरले तर जहाज तेवढ्या वजनाने हलकं होऊन वर जाऊ बघेल. इंजिनं तोवर चालूच. माझ्या भाचीने हे पाहिलं आणि तेव्हापासून ती लिफ्टमध्येही दोघं-दोघं चढायचा आग्रह धरते.

ड्रोन नेऊ नका. फोटो कितीही छान येईल असं वाटलं तरी नाही. १९९० मध्ये इथल्या कोलंबिया नावाच्या ब्लिंपवर कोणीतरी रिमोटचं विमान मुद्दाम आपटलं आणि फुग्याला भोक पडलं होतं. ते सुखरूप उतरलं, कारण आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचितच जास्त असतो, गॅस सावकाश निघतो, फुगा फुटल्यासारखं होत नाही. पण म्हणून कोणी प्रयोग करायचं कारण नाही. शिवाय आजूबाजूला एअरपोर्ट इतके आहेत, मोठा लॉस एंजेलिसचा आणि हॉथॉर्न, टॉरन्स, कॉम्प्टनचे छोटे, की ड्रोनचे नियम वाचता वाचताच संध्याकाळ होईल.

राहिला शेवटचा प्रश्न, जो गाडीत मागे बसलेली मुलं विचारतातच: आपल्याला बसायला मिळेल का? तिकीट विकत मिळत नाही. कंपनी ज्यांना बोलावते ते बसतात, त्यांचे टायरविक्रेते, ग्राहक, पत्रकार वगैरे. सामान्य माणसासाठी मुख्य वाट ही, धर्मादाय संस्थांच्या लिलावात कधी कधी कंपनीने दिलेली फेरी ठेवलेली असते, तिच्यावर बोली लावायची. मुलांच्या शाळेचा किंवा एखाद्या हॉस्पिटलचा निधी उभारणीचा कार्यक्रम असेल तर लिलावाची यादी एकदा वरपासून खालपर्यंत वाचून बघा.